तेरची पांढर

वाचकहो, तुळजापूरला आईच्या दर्शनाला आपण जातोच. यंदा सुगी आटोपली, की एक दिवस जास्त काढा आणि मुलाबाळांसह तेर पाहून या. बालाघाटाच्या मुलखात, तेरणेच्या काठी, धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. आज साधे दिसते. पण दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाची ही नामांकित बाजारपेठ होती.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तिथले साधे कापड आणि मलमल गाड्यांतून, आडवाटेने भडोच बंदराला जाते. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले.

आधी गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकवा. मग त्रिविक्रमाचे जुने विटांचे देऊळ पाहा. मागची बाजू अर्धगोल, छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखे. इथल्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात! मातीत तूस घालून भाजले, की तूस जळते आणि वीट हलकी होते.

नंतर वस्तुसंग्रहालयात जा. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शिवारात सापडलेले मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी आयुष्यभर जमवली. त्यांच्याच नावाने हे संग्रहालय आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच मूर्ती इटलीतील पाँपेई शहरात निघाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. आपल्या मुलखाचा व्यापार कुठवर पोचला होता, बघा!

आता मुद्द्याची गोष्ट. माळवदावर घालायला आपण पांढरीची माती आणतो, कुणी शेतातही टाकतो. पण पांढर म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. एक खोरे मारले, की चारपाच पिढ्यांचा संसार विस्कटतो. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, हे एकदा हरवले की पुन्हा कळत नाही.

म्हणून तुमच्या गावची पांढर उकरू नका. नांगराला नाणे, मूर्ती लागली, तर फेरीवाल्याला विकू नका, घासूनपुसू नका. जागा नीट ध्यानात ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची लेखी खबर कलेक्टरला देणे बंधनकारक आहे.

लामतुऱ्यांनी जपले, म्हणून तेर जगाला कळले. तुमच्या शिवारात काय दडले आहे, कुणास ठाऊक!