विश्लेषण : लिलावाच्या दिवशी पैसे नेले, तरी घर सुटत नाही

धंद्यासाठी कॅश क्रेडिट घ्यायचं आणि तारण म्हणून राहतं घर किंवा दुकानगाळा लिहून द्यायचा, ही बेळगाव, निपाणी, कोल्हापूर पट्ट्यातली नेहमीची रीत. खातं थकलं की बऱ्याच जणांचा हिशेब ठरलेला असतो : लिलावापर्यंत बघू, तोवर पैसे उभे करू. हा हिशेब आता चालत नाही.

२००२ च्या सरफेसी कायद्यात पूर्वी प्रत्यक्ष विक्रीच्या तारखेपर्यंत थकबाकी भरून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापर्यंत मागे आणली. मुंबईतील बाफना मोटर्स प्रकरणात १०५.०५ कोटींची बोली लागल्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी भरण्याची तयारी दाखवली आणि उच्च न्यायालयाने परवानगीही दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जास्त पैसे मिळतात म्हणून झालेला लिलाव मोडता येत नाही.

'आपली बँक सहकारी आहे, संचालक ओळखीचे आहेत' हा आधारही पुरत नाही. कागल तालुक्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यातच घटनापीठाने मे २०२० मध्ये हा कायदा सहकारी बँकांना लागू असल्याचं स्पष्ट केलं.

मग कर्जदाराच्या हातात काय उरतं? पहिल्या नोटिशीचे ६० दिवस. या काळात लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. रकमेतली चूक दाखवायची किंवा तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा, तो याच वेळी आणि लेखी. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण त्यासाठी बेळगावकरांना बंगळूर गाठावं लागतं, आणि गावातल्या दिवाणी कोर्टाला यात हात घालता येत नाही.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बेळगावात ते कन्नड असू शकतं. मराठी पेपर वाचणाऱ्या कुटुंबाच्या नजरेतून ती जाहिरात सुटली, तरी मुदत थांबत नाही.

म्हणून घरी आलेलं बँकेचं पाकीट कपाटात टाकून ठेवणं सर्वांत महाग पडतं. जामीनदारालाही तेच लागू : त्यानं स्वतःचं घर तारण दिलं असेल, तर लिलाव त्याच्या घराचाही होतो.