एका जागेचे दोन दावेदार

जून १९७०च्या तिसऱ्या आठवड्यात इटलीतील कॉफीच्या दुकानांत, कारखान्यांच्या फाटकांशी आणि घरोघरी जेवणाच्या पंगतीत एकाच प्रश्नाचा खल चालू होता : मात्सोला की रिव्हेरा? विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना २१ जून रोजी मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदानावर व्हायचा होता आणि समोर पेलेचा ब्राझील उभा होता. इटलीने १९३४ व १९३८ साली चषक जिंकला होता. ब्राझीलने १९५८ व १९६२ साली. जो देश तिसऱ्यांदा जिंकेल, त्याच्याकडे ज्यूल रिमे चषक कायमचा राहणार होता. म्हणजे हा केवळ एका दिवसाचा डाव नव्हता. असे असता साऱ्या राष्ट्राची चर्चा संघातील एका जागेभोवती आणि त्या जागेच्या दोन दावेदारांभोवती फिरत राहिली.

सांद्रो मात्सोला आणि जानी रिव्हेरा हे दोघेही मिलान शहरातील क्लबांचे खेळाडू. मात्सोला इंटरचा, तर रिव्हेरा ए. सी. मिलानचा. दोन्ही क्लबांचे मैदान एकच, सान सिरो. पण चाहत्यांचे तट मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे. मिलान क्लबच्या कामगारवर्गीय पाठीराख्यांना प्रतिपक्ष ‘पेचकस’ म्हणून हिणवी. इंटरच्या सुखवस्तू पाठीराख्यांना उलट ‘बढाईखोर’ अशी पदवी मिळे. मात्सोलाच्या नावामागे एक दुःखद वारसा होता. त्याचे वडील व्हालेंतिनो हे तोरिनो संघाचे विख्यात कर्णधार. १९४९ साली सुपेर्गा टेकडीवर झालेल्या विमान अपघातात संपूर्ण संघासह त्यांचा अंत झाला, तेव्हा सांद्रो सहा वर्षांचा होता. रिव्हेराने १९६९ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला होता.

दोघांच्या खेळाची जातकुळी भिन्न होती. मात्सोला चपळ, अंगमेहनती. चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत शिरणारा आणि चेंडू गमावला तर मागे धावत येऊन बचावाला हातभार लावणारा. रिव्हेराची धाव संथ. पण चेंडू नेमका कोठे व कधी द्यावा, हे त्याला इतरांच्या आधी दिसे. इटलीचे सर्वांत वजनदार क्रीडापत्रकार जान्नी ब्रेरा हे कडेकोट बचावाचे पुरस्कर्ते. त्यांनी रिव्हेराला ‘छोटा पाद्री’ असे नाव ठेवले होते. खेळ देखणा, पण अंगात कस नाही, हा त्यातील टोमणा.

वादाला धार येण्याचे कारण संघाच्या कामगिरीतच होते. साखळी फेरीतील तीन सामन्यांत इटलीने अवघा एक गोल केला. स्वीडनविरुद्ध १-० असा विजय, मग उरुग्वे व इस्रायल यांच्याशी गोलशून्य बरोबरी. बचाव अभेद्य, गटात पहिले स्थानही मिळालेले. परंतु अशा काटकसरीवर चषक कसा जिंकणार, हा प्रश्न सामान्य चाहत्यालाही पडला. जिजी रिव्हासारखा धडाडीचा आघाडीवीर संघात होता. त्याला चेंडू पुरविणारा हात, किंबहुना पाय, कोणाचा असावा, एवढाच मुद्दा उरला होता.

त्या वर्षी विश्वचषकात प्रथमच बदली खेळाडू उतरविण्याची मुभा मिळाली होती. प्रत्येक सामन्यात दोन. प्रशिक्षक फेरुच्चो वाल्कारेज्जी यांनी या नव्या नियमातून तोडगा काढला. पूर्वार्ध मात्सोलाचा, उत्तरार्ध रिव्हेराचा. इटालियन वृत्तपत्रांनी याला ‘स्ताफेत्ता’ म्हटले. रिले शर्यतीत एका धावपटूने दुसऱ्याच्या हाती दांडी द्यावी तसे. या वाटणीमागील हिशेब असा की, मात्सोलाने पळून पळून प्रतिस्पर्ध्याला थकवावे आणि थकलेल्या बचावातील फटी रिव्हेराने हेराव्यात. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. रिव्हेरा उतरला आणि सामना ४-१ असा इटलीच्या पदरात पडला. त्यातील एक गोल त्याचा स्वतःचा होता.

मग १७ जूनचा पश्चिम जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना. मेक्सिकोत दुपार होती, इटलीत मध्यरात्र. तरीही घरोघरचे दूरचित्रवाणी संच पहाटेपर्यंत चालू राहिले. आठव्या मिनिटाला बोनिनसेन्याने गोल केला. ती आघाडी इटलीने नव्वदाव्या मिनिटापर्यंत सांभाळली आणि अगदी शेवटच्या क्षणी गमावली. बरोबरीचा गोल करणारा श्नेलिंगर हा क्लबात रिव्हेराचाच सहकारी! जादा वेळेच्या तीस मिनिटांत आणखी पाच गोल झाले. एकशे दहाव्या मिनिटाला म्युलरचा चेंडू ज्या गोलखांबाजवळून आत गेला, तेथे रिव्हेरा उभा होता. त्याला तो अडविता आला नाही. ३-३. गोलरक्षक आल्बेर्तोसी त्याच्यावर संतापून ओरडला. खेळ पुन्हा सुरू झाला, चेंडू इटालियनांच्या पायांतून पुढे सरकत गेला आणि पुढच्याच मिनिटाला रिव्हेराने शांतपणे तो जर्मन गोलात सारला. ४-३. त्या सामन्याला ‘शतकातील सामना’ म्हणतात आणि अझ्टेका मैदानावर त्याची स्मृतिशिळाही लावलेली आहे.

अंतिम सामन्यापूर्वीच्या चार दिवसांतील वाद समजून घ्यायचा, तर या दोन मिनिटांकडे पाहावे. रिव्हेराच्या विरोधकांना एकशे दहावे मिनिट मिळाले : बचाव त्याला जमत नाही, ब्राझीलपुढे असा माणूस परवडणार नाही. समर्थकांना एकशे अकरावे मिनिट मिळाले : सामना जिंकून देतो तोच, त्याला बाहेर बसविणे हे पाप. दोन्ही पुरावे खरे होते. चाहत्याची मती अशी की, हाती आलेल्या दोन मिनिटांपैकी तो आपल्या सोयीचे एकच स्मरणात ठेवतो.

तिसरा पक्षही होता. दोघांनाही एकदम का खेळवू नये, असे तो विचारी. त्याला उत्तर तयार होते : १९६६ साली दोघेही एकत्र खेळले, तेव्हा उत्तर कोरियाने इटलीला १-० असे हरवून स्पर्धेबाहेर काढले आणि परतलेल्या संघाचे स्वागत सडक्या टोमॅटोंनी झाले. ती आठवण चार वर्षांत पुसली गेली नव्हती. अशा रीतीने वाद पुन्हा मूळ दोन नावांवर येऊन थांबे.

अंतिम सामना सुरू झाला तो नेहमीप्रमाणे मात्सोलाला घेऊन. अठराव्या मिनिटाला पेलेने उंच उडी घेऊन डोक्याने गोल केला. सदतिसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या क्लोदोआल्दोने निष्काळजीपणे मागे टाच मारली आणि त्या चुकीचा लाभ घेऊन बोनिनसेन्याने बरोबरी साधली. मध्यंतराला १-१. मेक्सिकोविरुद्ध हाच धावफलक असताना रिव्हेरा उतरला होता. पण मात्सोलाचा खेळ त्या दिवशी उत्तम चालला होता आणि वाल्कारेज्जींनी त्याला काढले नाही. छासष्टाव्या मिनिटाला जेर्सनने दुरून मारलेला चेंडू गोलात गेला. एकाहत्तराव्या मिनिटाला जैरझिन्योने तिसरा गोल केला. रिव्हेरा बाहेरच बसून होता. तो मैदानात आला चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, ३-१ अशा पिछाडीवर. आणि तेही मात्सोलाच्या जागी नव्हे, तर आघाडीवीर बोनिनसेन्याच्या जागी. ज्या एकत्र खेळण्याविषयी एवढी चर्चा झाली, ते या दोघांच्या वाट्याला असे सहा मिनिटे आले. त्या सहा मिनिटांतच ब्राझीलचा चौथा गोल झाला. इटालियन भाषेत ‘रिव्हेराची सहा मिनिटे’ हे शब्द अजूनही उच्चारले जातात.

संघ परतला तेव्हा रोमच्या विमानतळावर संतप्त जमाव होता. जगात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या संघावर असा राग का? हरल्याचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक झोंबली ती ती सहा मिनिटे. रिव्हेराला मुळीच उतरविले नसते, तर तो एक निर्णय ठरला असता. लोकांनी त्यावर टीका केली असती, पण त्याचा अर्थ तरी कळला असता. मध्यंतराला उतरविले असते, तर तोही निर्णय होता. सामना हातचा गेल्यावर सहा मिनिटांसाठी त्याला पाठविणे हे ना विश्वासाचे चिन्ह, ना नकाराचे. ज्याला संधी मिळाली त्याच्या वाट्याला केवळ अपमान आला. ज्यांची समजूत काढायची होती ते अधिकच भडकले.

तरीही, सामना खरोखर या एका जागेवर हरला काय? थोडे शांतपणे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत धाप लवकर लागते. चारच दिवसांपूर्वी इटलीने त्याच मैदानावर १२० मिनिटे झुंज दिली होती. ब्राझीलने आपला उपांत्य सामना ग्वादालाहाराच्या त्याहून कमी उंचीवर ९० मिनिटांत आटोपला होता आणि स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून उंचीवरील हवेची सवय करून घेतली होती. उत्तरार्धात इटलीचे पाय जड झाले ते यामुळे.

दुसरे कारण बचावाच्या पद्धतीत होते. इटलीचा प्रत्येक बचावपटू आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याची सावलीसारखी पाठ धरी. ब्राझीलने हे ओळखले. जैरझिन्यो उजवी कड सोडून वारंवार आत सरके. त्याच्या मागोमाग इटलीचा कर्णधार फाकेत्तीही आत येई आणि ती कड मोकळी पडे. चौथ्या गोलाच्या वेळी पेलेने चेंडू त्याच मोकळ्या बाजूला अलगद सरकविला आणि मागून धावत आलेल्या कार्लोस आल्बेर्तोने तो गोलात धाडला. म्हणजे साऱ्या देशाने आक्रमणातील एका जागेची चिंता वाहिली, आणि भगदाड पडले ते ज्या बचावाविषयी कोणालाच शंका नव्हती त्या बचावात.

ब्राझीलमध्येही असाच वाद कमी नव्हता. पेले आणि तोस्ताव एकाच संघात बसतात काय, एवढे आक्रमक खेळाडू घेतल्यावर मागे कोण राहणार, असे तेथील चाहते विचारीत होते. मार्च १९७०मध्ये प्रशिक्षकपद झागालोंकडे आले. त्यांनी माणसे वगळण्याऐवजी जागांची फेररचना केली. रिव्हेलिनोला डावीकडे नेले, तोस्तावला आघाडीच्या मध्यभागी ठेवले, मधल्या फळीतील पियाझाला बचावात उतरविले. या तिघांपैकी कोणालाही क्लबातील आपली जागा जशीच्या तशी मिळाली नाही. पण प्रत्येकाला नव्वद मिनिटांचे काम मिळाले. मात्र यातून ‘दोघांनाही घ्या म्हणजे झाले’ असा सोपा धडा निघत नाही. १९७४च्या विश्वचषकात मात्सोला आणि रिव्हेरा पहिल्या सामन्यापासून एकत्र खेळले आणि इटली साखळी फेरीतच गारद झाली. दोन गुणी माणसे शेजारी उभी करणे आणि त्यांच्यासाठी कामाची नीट आखणी करणे, यांत फार अंतर आहे.

व्यापारी घराण्यांना ही कथा परकी वाटू नये. पेढीवर वडिलांच्या पश्चात कोणी बसावे, यावरून नातलगांत तट पडतात. थोरला बाजारात हिंडणारा, उधारी वसूल करणारा, अंगमेहनतीचा. धाकटा कमी बोलणारा, पण मालाची पारख आणि गिऱ्हाइकाचे मन जाणणारा. मामा-मावश्यांपासून मुनीमजींपर्यंत प्रत्येकाजवळ आपापल्या पक्षाचे एकेक ‘मिनिट’ जपून ठेवलेले असते : अमक्या दिवाळीत थोरल्याने केलेली वसुली, तमक्या वर्षी धाकट्याने ओळखलेली तेजी. या वादात गोदामातील माल पडून राहिला आहे, जुने गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढू लागले आहे, याकडे पाहायला कोणाला सवड नसते. आणि पेढी डबघाईला आल्यावर नातलगांचे तोंड बंद करण्यासाठी किल्ल्यांचा जुडगा धाकट्याच्या हाती देणे, हा विश्वास नव्हे. ती केवळ अपयशातील भागीदारी होय. जबाबदारी द्यायची तर ती हातात काही करण्याजोगे उरले असताना द्यावी. द्यायची नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे; स्पष्ट नकार माणूस पचवितो, उशिराचा उपकार पचवीत नाही.

त्या दोन खेळाडूंविषयी एक गोष्ट अवश्य सांगायला हवी. चाहत्यांनी त्यांना दोन टोकांना उभे केले, त्यांच्या नावांनी भांडणे केली. पण त्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी, जुलै १९६८मध्ये, इटलीतील व्यावसायिक फुटबॉलपटूंनी आपल्या हक्कांसाठी संघटना स्थापन केली, तेव्हा तिच्या संस्थापकांत मात्सोलाही होता आणि रिव्हेराही. क्लबांचे मालक खेळाडूंची देवघेव मालासारखी करीत असताना सामान्य खेळाडूच्या बाजूने हे दोघे एकत्र उभे राहिले. मैदानावरील एका जागेसाठी ते प्रतिस्पर्धी होते, वैरी नव्हते. पेढीवरील भावांतही पुष्कळदा असेच असते. त्यांची बाजू घेऊन भांडणाऱ्यांनी आधी त्या दोघांना एकत्र बसवून विचारावे. बाहेर कोणालाच न दिसलेली मोकळी कड कदाचित त्यांना आधीच ठाऊक असते.