भूलतज्ज्ञ घडतो कोणासाठी?

८ मे २०२० च्या पहाटे रेल्वेमार्गावर विसावलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली चिरडले गेले, तेव्हा करमाडचे नाव देशभर झाले. अशा दुर्घटनेची दखल घेतली जाते. रोजच्या अडचणीची घेतली जात नाही. करमाडच्या परिसरातील एखाद्या वस्तीवर रात्री बाई अडली आणि पोट उघडूनच मूल काढावे लागेल असे दिसले, की गाडी सुमारे २० किलोमीटरवरील घाटी रुग्णालयाची वाट धरते. शस्त्रक्रिया करणारा हात एक वेळ जवळपास मिळेल. परंतु भूल देणारा नसेल, तर तो हातही निरुपयोगी ठरतो.

भूल देणे म्हणजे सुई टोचून रोग्याला झोपविणे, अशी समजूत अद्याप आहे. वस्तुतः अशा बाळंतपणात मणक्यात औषध देताच रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. तो सावरणे, श्वास अडल्यास क्षणार्धात नळी घालणे, रक्तस्रावात प्राण राखणे, हे सारे भूलतज्ज्ञाचे काम होय. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत अतिदक्षता विभागांतील श्वसनयंत्रांची जबाबदारी सांभाळण्यात हीच मंडळी आघाडीवर होती. ही विद्या पुस्तकातून येत नाही. एमडीच्या तीन वर्षांत, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहून निवासी डॉक्टर ती आत्मसात करतो.

या विद्येशी मराठवाड्याचा संबंध जुना आहे. १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग हैदराबादेत बसले आणि त्यांचा खर्च निझाम सरकारने उचलला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पण राजधानीत जगाला दाखविण्याजोगे प्रयोग चालले असताना औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले नाही. ते आले १९५६ साली, निझामी राजवट संपल्यावर. विद्या राजधानीत आणि रयत वाऱ्यावर, ही जुनी रीत लोकशाहीतही पुरती मोडलेली नाही. फरक इतकाच की राजधानीच्या जागी आता जिल्ह्याचे शहर आले आहे.

शहरातही हे शिक्षण कोणत्या परिस्थितीत होते? निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ मध्ये सांगितले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली, ती आठवड्याला ७४ तासांची! बत्तीस वर्षांत मर्यादा खाली येण्याऐवजी वर गेली. गिरणी कामगाराने झगडून मिळविलेला आठ तासांचा हक्क डॉक्टरला नको काय? थकलेल्या हाताने दिलेली भूल रोग्यालाही घातक असते. शिवाय रिक्त पदांचे ओझे वाहणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण मिळत नाही. मिळते ती वेठ.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावेत, हा नियम २०२० मध्ये आला. त्यामागील विचार योग्य आहे. परंतु खाटांच्या किमान संख्येची अट घातल्यामुळे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय त्यातून वगळले जाते. म्हणजे जिल्हा निवासी म्हणवणारा डॉक्टर जिल्ह्याच्या शहरापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. दुसरा उपाय म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत प्राणरक्षणापुरती भूल शिकविण्याची योजना केंद्राने आखली. तिने काही माता वाचत असतील, तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र शहरासाठी तीन वर्षांचा तज्ज्ञ आणि खेड्यासाठी १८ आठवड्यांचा, ही कायमची वाटणी होऊ लागली, तर ती विषमताच ठरेल.

आता जालन्यालाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले आहे. एका बाजूला घाटी, दुसऱ्या बाजूला जालना, आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर करमाड. या दोन संस्थांनी मिळून मधल्या पट्ट्यातील ग्रामीण रुग्णालयांची जबाबदारी घेतली, तर निवासी डॉक्टरांची पाळीपाळीने नेमणूक करणे अशक्य नाही. अट मात्र एक हवी: त्यांच्यासोबत अनुभवी अध्यापक असावा, भूलयंत्र, प्राणवायू आणि रक्तसाठवण चालू स्थितीत असावी, आणि राहण्यास माणसाला शोभेल अशी जागा असावी. एकट्या शिकाऊ डॉक्टरला रिकाम्या रुग्णालयात पाठविणे म्हणजे उद्याच्या मृत्यूसाठी आजच बळीचा बकरा शोधून ठेवणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्र लावून धरल्या पाहिजेत. निवासी डॉक्टरांचे कामाचे तास कमी करून भूलतज्ज्ञांची कायम पदे भरा. आणि त्यांच्या शिक्षणाची वाट ग्रामीण रुग्णालयातून न्या. संपावर जाणारा निवासी डॉक्टर आणि गाडीची वाट पाहणारी बाई यांना परस्परांविरुद्ध उभे करणे शासनाच्या सोयीचे आहे. ते दोघे एकाच अव्यवस्थेचे बळी आहेत, हे गावोगाव जाऊन सांगणे हे पक्षाचे काम आहे. जनतेच्या पैशातून घडलेली विद्या जनतेच्या दारापर्यंत पोचलीच पाहिजे.