सॅगची नोंद तिन्ही फेजची हवी

व्होल्टेज सॅग म्हणजे आरएमएस व्होल्टेज नेहमीच्या मूल्याच्या १० ते ९० टक्क्यांपर्यंत उतरून अर्ध्या सायकलपासून एका मिनिटापर्यंत तसेच राहणे. त्याची नोंद अजूनही बरेचदा सर्वांत खाली गेलेल्या फेजचे उरलेले व्होल्टेज आणि घटनेचा कालावधी या दोनच आकड्यांत केली जाते. आयईसी ६१०००-४-३० मधील मापनपद्धतही याच दोन आकड्यांवर उभी आहे. पण त्यांवरून फॉल्ट कोणता होता आणि यंत्र का बंद पडले, हे ठरवता येत नाही.

मॅथ बोलेन यांनी रूढ केलेल्या वर्गीकरणात ए ते जी असे सात प्रकार येतात. ए प्रकारात तिन्ही फेज सारख्याच उतरतात, तर बी प्रकारात एकच उतरते. सी प्रकारात दोन फेज उतरतात आणि त्यांच्यातील कोनही कमी होतो, तर डी प्रकारात एक फेज खूप आणि इतर दोन थोड्या उतरतात. उरलेले तीन प्रकार दोन फेज जमिनीला टेकण्याच्या फॉल्टमधून निघतात.

खरी गुंतागुंत डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर निर्माण करतो, कारण तो शून्य अनुक्रमाचा घटक अडवतो आणि फेज-फेज व्होल्टेजचे रूपांतर फेज-न्यूट्रल व्होल्टेजमध्ये करतो. पावसाळ्यात ३३ केव्ही लाइनच्या इन्सुलेटरवरून फ्लॅशओव्हर होऊन एका फेजचे व्होल्टेज शून्यावर आले आणि उरलेल्या दोन फेज पूर्ण राहिल्या, असे धरले, तर एकाच ट्रान्सफॉर्मरमागे असलेल्या कारखान्याला फेज-न्यूट्रल ५८, ५८ आणि १०० टक्के व्होल्टेज मिळते. ११ केव्हीवरून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमागे असलेल्या शेजारच्या कारखान्यात मात्र त्याच क्षणी ३३, ८८ आणि ८८ टक्के दिसते, म्हणजे २३० व्होल्टच्या एका फेजवर जेमतेम ७७ व्होल्ट उरतात. पहिल्या कारखान्यातील मीटर फेज-फेज जोडला असेल, तर तोही ३३ टक्केच दाखवील.

या ३३ टक्क्यांना घाबरून ड्राइव्हचा दोष काढणे चुकीचे ठरते. दुसऱ्या कारखान्यात एक फेज-फेज व्होल्टेज १०० टक्के राहते, त्यामुळे रेक्टिफायरची डीसी बस त्यावर तग धरू शकते, मात्र दोनच फेजमधून प्रवाह वाढल्याने ओव्हरकरंट ट्रिप होण्याची शक्यता राहते. उलट तिन्ही फेज ६० टक्क्यांवर येणारा, कागदावर सौम्य भासणारा ए प्रकार डीसी बसला कोणताच आधार ठेवत नाही. उतरलेल्या फेजवर कॉइल असलेला कॉन्टॅक्टर सुटेल, शेजारच्या फेजवरचा धरून राहील.

सिग्रे, सिरेड आणि यूआयई यांच्या संयुक्त गटाने २०१० मध्ये एक, दोन की तिन्ही फेज प्रामुख्याने उतरल्या, यावर आधारित तीनच प्रकार सुचवले, आणि कामाच्या जागी ही विभागणी पुरेशी सोयीची आहे. मात्र तीही तिन्ही फेजची तरंगनोंद असल्याशिवाय लावता येत नाही. म्हणून वाचक अभियंत्यांनी पुढच्या घटनेपासून तिन्ही फेजच्या तरंगांची नोंद जपावी, मीटरची जोडणी फेज-फेज आहे की फेज-न्यूट्रल हे अहवालात लिहावे, आणि फॉल्टपासून मापनबिंदूपर्यंत किती डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर लागतात, तेही नमूद करावे.