ॲमेझॉनची माती आणि मोजणीचा भ्रम

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम शहरी जागतिक हवामान परिषद भरली. उष्ण कटिबंधातील अरण्ये उभी ठेवणाऱ्या देशांना दर हेक्टरमागे मोबदला देणारा निधी त्या निमित्ताने जाहीर झाला. अरण्य किती उरले, हे उपग्रहाद्वारे मोजले जाईल. ह्या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात, मुळांभोवतीची सृष्टी दिसत नाही.

ब्राझीलच्याच रोंडोनिया राज्यात अरण्य तोडून केलेल्या कुरणांच्या मातीचा अभ्यास जॉर्ज रॉड्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष प्रथमदर्शनी चकित करणारा आहे. कुरणातील एकेका जागेच्या मातीत जिवाणूंचे प्रकार घटले नव्हते, उलट वाढले होते! मग हानी कोठे झाली? अरण्यात एका जागची माती दुसऱ्या जागेहून भिन्न असते. कुरणात मात्र जिकडेतिकडे तेच ते जिवाणू आढळले. विशिष्ट जागीच राहणारे अरण्यातील जिवाणू नाहीसे झाले आणि एकूण प्रदेशाच्या हिशेबात तूट आली. गावोगावचे भाताचे वाण लोपून प्रत्येक दुकानात तीच दहा संकरित बियाणी मिळू लागावीत, तसे हे आहे. दुकानात विविधता वाढलेली दिसते, तालुक्यातून मात्र ती गेलेली असते.

कारणे गूढ नाहीत. तोडलेले अरण्य जाळले की राखेमुळे मातीची आम्लता उतरते (आपल्याकडे राब भाजणाऱ्यांना राखेचा गुण ठाऊक आहे), आणि जिवाणूंचे जगणे आम्लतेवर फार अवलंबून असते. त्यावर आफ्रिकेतून आणलेले एकाच जातीचे गवत वाढते. अरण्याची कोरडी माती हवेतील मिथेन शोषून घेते. रोंडोनियातील कुरणांची माती तोच वायू बाहेर सोडू लागल्याचे आढळले आहे.

ह्याचा दोष केवळ कुऱ्हाड चालवणाऱ्यावर टाकणे आम्हांस अन्यायाचे वाटते. १९८४ मध्ये बीआर-३६४ ह्या महामार्गाचे डांबरीकरण पूर्ण झाले. जमिनीच्या आशेने आलेल्या कुटुंबांना तेथे वसवण्याचे धोरण शासनाचेच होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' ह्या परिपत्रकात सूक्ष्मजीवांचाही आवर्जून उल्लेख केला होता. निधीच्या नियमांत त्यांना अद्याप स्थान नाही. निधीचा किमान पाचवा हिस्सा मूळनिवासी व स्थानिक समाजांसाठी राखला आहे, हे उत्तम झाले. मातीचे नमुने घेण्याचे कामही त्यांच्याच हाती सोपवावे, असे आम्ही सुचवतो.