पऱ्हाटीला हवा सामायिक फर्मेंटर

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाटी उभी राहते. ती चिमट्याने उपटायची आणि धुऱ्यावर ढीग लावायचा. थोडी चुलीसाठी घरी जाते, उरलेली पेटते. गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात ठेवताच येत नाही. फरदड घेऊ नका हा कृषी विभागाचा सल्ला योग्यच आहे. हेक्टरी दोन-तीन टन आणि देशभरात वर्षाला अडीच ते तीन कोटी टन एवढा हा माल आहे. त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग सेल्युलोज. त्यातून साखर, इथेनॉल, लॅक्टिक आम्ल, एन्झाइम असे काय काय निघू शकते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण यवतमाळच्या वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला दोनशे किलो पऱ्हाटीवर प्रयोग करायचा असेल, तर त्याने जायचे कुठे?

प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधला हा टप्पा किती अवघड असतो हे ज्याने तो पार केला त्यालाच ठाऊक. मिक्सरमधून काढलेली दहा ग्रॅम भुकटी फ्लास्कमध्ये निमूटपणे वागते. दोनशे किलो आणले की सालीचे चिवट धागे श्रेडरच्या पात्यांना गुंडाळून बसतात आणि मुळांबरोबर आलेली माती पाती झिजवते. आम्ल आणि वाफेची प्रक्रिया जरा लांबली की फरफ्यूरल वाढते आणि यीस्ट मान टाकते. पुढे टाकीचे वेगळेच. शेकरवरच्या फ्लास्कला हवा पुरते, उष्णता आपोआप निघून जाते. टाकी मोठी होते तेव्हा आकारमान घनाने वाढते, पृष्ठभाग मात्र वर्गाने. मग आतली उष्णता बाहेर पडेनाशी होते, आणि एकाच टाकीत काही पेशी प्राणवायूविना तर काही साखरेविना राहतात. फ्लास्कमधल्या आकड्यांवरून यातले काहीच कळत नाही. ते पाचशे-हजार लिटरच्या फर्मेंटरवरच शिकावे लागते. असा फर्मेंटर एकेका विभागाने विकत घ्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

युरोपातल्या संस्थांनी हे ओळखले. फ्रान्सच्या इनरे या संस्थेच्या पुढाकाराने इबिस्बा ही औद्योगिक जैवतंत्रज्ञानाची सामायिक सुविधा आकाराला येऊ लागली आणि २०१८ मध्ये युरोपच्या संशोधन सुविधांच्या आराखड्यात तिला स्थान मिळाले. तिची कल्पना साधी आहे: भव्य नवी इमारत न बांधता आधीपासून असलेली केंद्रे एका दारामागे आणायची. वाणाची रचना एका देशात, एन्झाइमची चाचणी दुसऱ्यात, मोठ्या टाकीवरचा प्रयोग तिसऱ्यात. संशोधकाने अर्ज करायचा एकदाच. यंत्रांच्या वाटणीपेक्षाही आम्हाला महत्त्वाची वाटते ती कार्यपद्धती आणि नोंदी एकसारख्या ठेवण्याची शिस्त. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे पडताळता आला नाही, तर वाटून घेण्यासारखे उरतेच काय?

आपल्या विषयाची सुरुवातही वाटणीतूनच झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवणारी बुरशी सापडली, तीच ट्रायकोडर्मा रीसाय. तिचा क्यूएम ६ए हा वाण संग्रहात जपला गेला आणि इतरांच्या हाती पोहोचला. रटगर्स विद्यापीठात त्यापासून रट-सी३० तयार झाला. सेल्युलेजचा उद्योग त्या वंशावर उभा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासून हेच काम करतो आहे. वाण मागवता येतात, मग फर्मेंटरचे तास का मागवता येऊ नयेत?

आणि यासाठी युरोपकडेच पाहायला हवे असेही नाही. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये एकत्र येऊन संस्था काढली. तीच आज मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. मळी आणि अल्कोहोलचे प्रश्न घेऊन कारखान्याचा रसायनतज्ज्ञ तिथे हक्काने जातो. उसाला मांजरी मिळाली. पऱ्हाटीला तसे घर मिळालेले नाही. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि कंपोस्ट करून दाखवले आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि नीरी, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. माणसे आहेत, ज्ञान आहे, काही यंत्रेही आहेत. या सगळ्यांना जोडणारे दार तेवढे नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई३ धोरण मंजूर केले. त्यात जैवउत्पादन केंद्रे आणि बायोफाउंड्री यांची तरतूद आहे. ही केंद्रे महानगरांतच उभी राहिली तर कच्चा माल त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. पऱ्हाटी वजनाला हलकी, जागेला भारी. ट्रक भरतो, पण टन भरत नाही. म्हणून निदान पूर्वप्रक्रियेचे आणि पहिल्या टप्प्यातल्या किण्वनाचे केंद्र कापूस पिकतो तिथेच, यवतमाळ-वर्धा पट्ट्यात हवे, असे आमचे ठाम मत आहे.

पैसा येईल तेव्हा येईल. यादी मात्र आजच करता येते. आपल्या विभागातल्या फर्मेंटरची क्षमता किती, तो वर्षातले कोणते महिने रिकामा असतो, बाहेरच्या संशोधकाला तो कोणत्या अटींवर आणि दराने देता येईल, आणि चालवणारा तंत्रज्ञ आहे की नाही, हे आम्हाला कळवा. आम्ही ते विभागवार छापू. सेंट्रिफ्यूज, गाळणयंत्रणा किंवा स्प्रे ड्रायर असेल तर तेही अवश्य लिहा. टाकीतून निघालेला माल वेगळा करण्यापाशीच पुष्कळ प्रयोग अडतात.