प्रश्नपत्रिकेची भाषा कोण तपासणार?

निवासी विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत आणि माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात निघतो. उत्तरे ठरलेली असतात: डॉक्टर, अभियंता, शिक्षक, नाहीतर स्पर्धा परीक्षा. या वाटा समाजाने फार कष्टाने मोकळ्या केल्या आहेत आणि त्यांना उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने, आपल्या घरांत ज्याचे नावही सहसा निघत नाही अशा एका क्षेत्राकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ते क्षेत्र म्हणजे भाषाविज्ञान, आणि त्यातही भाषा-संशोधन व शैक्षणिक चाचणी.

हा विषय आपल्याला जवळचा का, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या मुलांचे भवितव्य परीक्षेच्या दारातून जाते. शिष्यवृत्ती, नवोदय, पुढे नीट. प्रत्येक ठिकाणी कागदावरचा प्रश्न मुलाला कसा समजला यावर बरेच काही ठरते. विदर्भात पेरूला जाम म्हणतात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू म्हणतात. पेरूचे चित्र पाहून तिकडच्या मुलीने ‘जाम’ लिहिले, तर ती चुकली काय? ती चाचणी प्रमाण मराठीच्या शब्दसंग्रहाची असेल, तर तिला तो शब्द शिकावा लागेल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती चाचणी गणिताची किंवा परिसर अभ्यासाची असेल आणि मुलगी केवळ शब्दापाशी अडली असेल, तर ती चाचणी तिचे ज्ञान मोजत नसून तिचे गाव मोजते. ‘पुढीलपैकी कोणते विधान असत्य नाही?’ अशा प्रश्नात तर विज्ञानापेक्षा दोन नकार उलगडण्याचीच परीक्षा होते.

हा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत पूर्वी शब्दसंबंधांचे प्रश्न असत. त्यांतील नौका-शर्यतीवरचा एक प्रश्न पुढे फार गाजला. कारण जी मुले अशा शर्यती पाहत वाढली नव्हती, त्यांना तो शब्दच परका होता. २००५ साली हा प्रश्नप्रकार त्या परीक्षेतून वगळण्यात आला. कोणत्या प्रश्नावर कोणता गट अकारण मागे पडतो, याचा शोध घेणे हे आज चाचणी तयार करणाऱ्या संस्थांचे नित्याचे काम आहे. प्रश्न लिहिणे, त्याचे भाषांतर पडताळणे, निवडक मुलांवर तो आधी वापरून पाहणे, उत्तरांची आकडेवारी तपासणे आणि सदोष प्रश्न काढून टाकणे, असे ते काम असते. त्यात संख्याशास्त्रज्ञाच्या शेजारी भाषेचा जाणकार बसावा लागतो.

आपल्या देशातील एक उदाहरण घेऊ. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास वीस भाषांत केला. एकेका मुलाला समोर बसवून, ते मिनिटाला किती शब्द वाचते हेही त्यात पाहिले गेले. येथे भाषेच्या अभ्यासकाला लगेच प्रश्न पडतो. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द. मराठीत ‘घरात’ हा एकच. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतो. म्हणून दोन्ही भाषांना शब्दसंख्येचा एकच मापदंड लावला, तर मराठी मूल विनाकारण संथ ठरेल. प्रत्येक भाषेची पातळी स्वतंत्रपणे ठरवावी लागते, आणि ती ठरविण्यासाठी त्या भाषेची घडण जाणणारा मनुष्य लागतो.

नीट ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देता येते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जाईल, असा तिचा नियम आहे. म्हणजे भाषांतरकाराच्या चुकीची किंमत मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलाने मोजायची! भाषांतर निर्दोष करणारी माणसे तयार होणे, हाच यावरचा खरा उपाय होय.

या कामाच्या जागा कोठे आहेत? म्हैसूर येथे १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्था आहे; भाषा-परीक्षणाचे आणि भाषिक सामग्री गोळा करण्याचे काम तिच्यात चालत आले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यासाठी संशोधक गावोगावी फिरून ध्वनिमुद्रणे करीत आले. पुण्याची सी-डॅक, मुंबईची आयआयटी, तसेच केंद्र शासनाचा भाषिणी हा उपक्रम संगणकाला भारतीय भाषा शिकविण्याच्या खटपटीत आहेत. डेक्कन कॉलेज व मुंबई विद्यापीठ येथे भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. या विषयात नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळते.

मात्र पालकांना खोटी आशा दाखविणे आम्हांस रुचत नाही. या क्षेत्रात कायम जागा थोड्या आहेत, प्रकल्पांवरील नेमणुका कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की नवे काम शोधावे लागते. म्हणून भाषाविज्ञानाबरोबर संख्याशास्त्राची तोंडओळख, संगणकाचा सराव आणि चांगले इंग्रजी ही शिदोरी विद्यार्थ्याने बांधलीच पाहिजे. तथापि आपल्या मुलांजवळ एक भांडवल आधीपासूनच आहे. घरी एक मराठी, वर्गात दुसरी आणि वसतिगृहात चार तालुक्यांच्या चार मराठी ऐकत ती वाढलेली असतात. ज्या भेदांची ओळख इतरांना पुस्तकातून करून घ्यावी लागते, ते त्यांच्या कानात असतात.

हे काम आपल्या परंपरेलाही परके नाही. तथागतांची वाणी छंदस भाषेत बांधण्याची अनुमती दोन भिक्खूंनी मागितली असता ती नाकारण्यात आली व धम्म स्वतःच्या भाषेत शिकण्यास अनुमती मिळाली, अशी कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात येते. तेथील ‘स्वतःची भाषा’ म्हणजे श्रोत्याची की खुद्द बुद्धांची, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. हा वादसुद्धा भाषाविज्ञानाचाच आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेपासून अर्थशास्त्रापर्यंत कामांचा डोंगर असताना पाली शब्दकोशासाठी वेळ काढला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण साजरा केला. आता त्या भाषांवर काम करणारी माणसे आपल्यातून उभी राहिली पाहिजेत.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे. बी.ए.ला मराठी किंवा पाली घेते म्हणणाऱ्या मुलीला ‘भाषा घेऊन काय करणार?’ असे विचारून पालकांनी गप्प करू नये. तिला पुढची वाट ठाऊक आहे का, हे विचारावे, आणि नसेल तर ती तिच्याबरोबर शोधावी. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका तरी विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा आणि पुण्या-मुंबईतील राहण्याचा भार वाटून घ्यावा. आजवर आपली मुले दुसऱ्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका सोडवीत आली. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या मेजाभोवती त्यांच्यापैकी कोणी बसले, तर पुढच्या पिढीतील एखाद्या मुलीचे ‘जाम’ हे उत्तर खोडण्याआधी कोणीतरी क्षणभर थांबेल.